कर्मवीर भाऊराव पाटील : शिक्षकांना अनेकांत शिकविणारा कर्मयोगी

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कोणाचे चरित्र लिहावे, असा विचार करताना अनेक थोर आचार्यांची आणि दानशूर श्रेष्ठींची नावे डोळ्यांसमोर येतात. त्या सर्वांविषयी आदर बाळगूनही या लेखासाठी मी कर्मवीर भाऊराव पाटील यांची निवड केली आहे. ते जन्माने जैन होते, एवढेच याचे कारण नाही. अनेकांत हे आपल्या धर्माचे भूषण आहे, असे आपण प्रत्येक व्याख्यानमालेत ऐकतो. परंतु दुसऱ्याच्या जागी उभे राहून पाहण्याची ही दृष्टी शाळामास्तर होऊ इच्छिणाऱ्या तरुणांच्या अंगी कशी बाणवावी, याचा प्रत्यक्ष वस्तुपाठ भाऊरावांनी घालून दिला. त्यांच्या चरित्राची ही बाजू आपल्या समाजात जितकी सांगितली जावयास हवी, तितकी सांगितली जात नाही.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. बाहुबलीच्या डोंगराला वंदनेसाठी जाणाऱ्या श्रावकांना कुंभोज हे नाव नवे नाही. त्यांचे घराणे दिगंबर जैन, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील हे सरकारी नोकरीत, तर आई गंगाबाई धर्मनिष्ठ गृहिणी. वडिलांच्या बदल्यांमुळे भाऊरावांचे बालपण निरनिराळ्या गावी गेले. अंगापिंडाने ते दणकट, कुस्तीचे शौकीन, आणि अन्याय दिसला की स्वस्थ न बसणारे होते. पुस्तकी अभ्यासात मात्र त्यांची गती बेताची राहिली. त्यांचे शिक्षण इंग्रजी सहावीच्या पुढे गेले नाही. ज्याला स्वतःला शाळेची पायरी पूर्ण चढता आली नाही, त्याने पुढे हजारो शिक्षक घडवावेत, हा योगायोग खचितच विलक्षण होय.

शिक्षणासाठी ते कोल्हापूरला आले आणि दिगंबर जैन वसतिगृहात राहू लागले. राजर्षी शाहू छत्रपतींच्या प्रेरणेने त्या काळी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी राहत होती. 1908 साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. त्याच्या समारंभाला भाऊराव उपस्थित राहिले. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध व्हावे आणि मगच भोजनगृहात यावे, अशी त्यांना आज्ञा झाली. भाऊरावांनी ती मानली नाही. माणसांच्या सभेत बसून आल्याने आपण अशुद्ध झालो, हे त्यांना पटेना. परिणामी त्यांना वसतिगृह सोडावे लागले. वसतिगृहाची व्यवस्था त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती.

हा प्रसंग आपल्या समाजाच्या घरातला आहे, म्हणून तो दोन्ही बाजूंनी पाहिला पाहिजे. लठ्ठे हे काही कर्मठ वा संकुचित गृहस्थ नव्हते. ते उच्चशिक्षित, सुधारणावादी, जैन धर्मावर इंग्रजीत ग्रंथ लिहिणारे विद्वान होते. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण आणि 1937 च्या मंत्रिमंडळात मुंबई प्रांताचे अर्थमंत्री झाले. वसतिगृह चालविणाऱ्याच्या डोक्यावर खेड्यापाड्यांतील पालकांच्या विश्वासाचे ओझे असते. आपला मुलगा तेथे आचारधर्म सांभाळून राहील, या भरवशावर आईबापांनी त्याला धाडलेले असते. एक नियम मोडला आणि पालकांनी मुले काढून नेली, तर संस्थाच बुडायची. आज ट्रस्टचा कारभार पाहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ही अडचण समजेल.

परंतु त्या दाराशी आणखी एक जण उभा होता, आणि त्याची बाजू विचारात घ्यावी असे कोणालाच वाटले नव्हते. मिस क्लार्क वसतिगृहातील तो मुलगा! आपल्याजवळ बसून गेलेल्या माणसाला घरी जाऊन अंग धुवावे लागते, हे समजल्यावर त्याच्या मनाला काय वाटत असेल? भाऊरावांनी त्या मुलाच्या जागेवरून ती आंघोळ पाहिली. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंडक श्रावकाचारात सम्यग्दर्शनाची जी आठ अंगे सांगितली आहेत, त्यांत निर्विचिकित्सा म्हणजे किळस न बाळगणे हे एक अंग आहे. त्याच ग्रंथात कुलाचा आणि जातीचा मद त्याज्य ठरविला आहे, आणि सम्यग्दर्शनाने युक्त असा चांडाळही देवासमान मानला आहे. वसतिगृहाच्या नियमापेक्षा शास्त्राच्या अधिक जवळ त्या दिवशी कोण होते, याचे उत्तर वाचकांनीच द्यावे.

भाऊराव नुसते वाद घालून थांबले नाहीत. पुढे ज्ञानदेव घोलप नावाचा एक अस्पृश्य समाजातील मुलगा शाळेत खोलीच्या बाहेर बसून शिकतो आहे, हे त्यांनी पाहिले. त्यांनी त्याला कोल्हापूरला आणून मिस क्लार्क वसतिगृहात दाखल केले. हेच घोलप पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलचे सभासद झाले. खोलीच्या आत बसलेल्या शिक्षकाला बाहेरचा मुलगा दिसत नव्हता असे नाही. तो दिसत होता. पण बाहेरून आतली शाळा कशी दिसते, हे त्याने कधी पाहिले नव्हते. भावी कार्याचे बीज बहुधा येथेच रुजले असावे.

1914 साली कोल्हापुरात डांबर प्रकरण गाजले. सातवे एडवर्ड आणि राणी अलेक्झांड्रा यांच्या पुतळ्यांना कोणीतरी डांबर फासले आणि संशय लठ्ठ्यांवर घेतला गेला. त्यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. ज्या गृहस्थाने आपल्याला वसतिगृहाबाहेर घालविले, त्याच्यावर सूड उगविण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी खोटी साक्ष दिली नाही. त्यासाठी त्यांनी तुरुंगवास सोसला, छळ सोसला. तो असह्य होऊन प्राण देण्याचाही प्रयत्न त्यांच्या हातून झाला. पण असत्य बोलण्यास ते तयार झाले नाहीत. याहून विशेष असे की, ज्या राज्यात हे सर्व घडले, त्या राज्याच्या छत्रपतींचे नाव त्यांनी पुढे आपल्या वसतिगृहाला मोठ्या आदराने दिले. माणसाच्या एका कृतीवरून सबंध माणसाचा निकाल लावू नये, हे त्यांनी ग्रंथात वाचले असेल वा नसेल, आचरणात मात्र आणले.

पोटापाण्यासाठी त्यांनी साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर विकले, ओगले काच कारखान्याच्या मालासाठी फिरती केली. चरित्रकार या काळाला फारसे महत्त्व देत नाहीत. व्यापारी माणसाला मात्र त्याचे मोल कळते. लोखंडी नांगर विकावयाचा तर शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागते, त्याची जमीन कोणती, बैल किती, देणे किती, हे समजून घ्यावे लागते. गिऱ्हाइकाच्या जागी बसून विचार केल्यावाचून माल खपत नाही. या भटकंतीत भाऊरावांनी खेडे आतून पाहिले. शाळा नाही, जेथे आहे तेथे मास्तर टिकत नाही, आणि मास्तर असला तरी गरिबाचे मूल शाळेत टिकत नाही, हे त्यांना दारोदार दिसले.

4 ऑक्टोबर 1919 रोजी कराड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. 1924 मध्ये संस्थेचे कार्य साताऱ्यास आले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. कोल्हापुरात प्रत्येक समाजाचे वसतिगृह निराळे होते. येथे एकाच छपराखाली सारे आले. मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंगतीत जेवीत, शेतात एकत्र राबत. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले.

येथे भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. त्या परंपरानिष्ठ जैन घराण्यातून आलेल्या होत्या. सोवळ्याओवळ्याचे संस्कार त्यांच्यावर लहानपणापासून झालेले. अशा स्त्रीला सर्व जातींच्या मुलांचा संसार मांडणे सोपे गेले नसणार. पण त्या मुलांच्या आजारपणात उशाशी बसताना, त्यांच्या ताटात वाढताना परकेपणा गळून पडला. मुलांच्या जेवणासाठी त्यांनी अंगावरील दागिने विकले आणि अखेर मंगळसूत्रही दिले. 1930 साली त्यांचे निधन झाले. दृष्टी उपदेशाने बदलत नाही, एकत्र राहण्याने बदलते, याचे याहून मोठे प्रमाण कोणते असू शकेल? भाऊरावांच्या पुढील कार्याचा पाया हाच अनुभव होता, असे मला वाटते.

वसतिगृहातून मुले शिकू लागली; परंतु हजारो खेड्यांतील मुलांना साताऱ्यात आणणे शक्य नव्हते. त्यांच्याकडे शाळाच गेली पाहिजे, आणि शाळा जावयाची तर शिक्षक हवा. शहरात शिकून आलेला शिक्षक खेड्यात रमत नसे. त्याला तेथील मूल मंद वाटे, आळशी वाटे, गैरहजर राहणारे वाटे. ते मूल सुगीत शेतावर असते, एरव्ही गुरांमागे असते, घरी दिव्याला तेल नसते, हे त्याला दिसत नसे. दोष मुलात नव्हता, तसाच तो पूर्णपणे शिक्षकातही नव्हता. त्या मुलाच्या जागी उभे राहून पाहण्याचे शिक्षण त्या शिक्षकाला कोणी दिलेच नव्हते.

म्हणून 1935 साली भाऊरावांनी साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले. त्या वर्षी पंचम जॉर्ज बादशहांच्या राज्यारोहणाचा रौप्यमहोत्सव होता. त्यावरून विद्यालयाचे नाव सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज असे ठेवण्यात आले. हेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. या नावातील रूरल म्हणजे ग्रामीण हा शब्द महत्त्वाचा आहे. खेड्यासाठी शिक्षक तयार करावयाचा, आणि तोही खेड्यातल्याच निरनिराळ्या जातींमधून निवडून, असा हा प्रयत्न होता.

अध्यापनाच्या पद्धती, फळ्यावरील लेखन, पाठाची टाचणे हे सर्व सरकारी अभ्यासक्रमात असतेच. भाऊरावांच्या संस्थेचे वैशिष्ट्य अभ्यासक्रमाबाहेरच्या जीवनात होते. स्वावलंबन, अंगमेहनत आणि सहभोजन हे शाहू बोर्डिंगचे वळण त्यांच्या सर्व संस्थांत उतरले होते. ज्याने कधी दुसऱ्या जातीच्या हातचे पाणी घेतले नव्हते, तो भावी शिक्षक येथे त्याच्या शेजारी बसून भाकरी खाई. ज्याने झाडू हाती घेतला नव्हता, तो झाडलोट करी. उद्या त्याच्या शाळेत झाडूवाल्याचे मूल येईल, तेव्हा त्याच्या बापाचे काम किती कष्टाचे आहे, हे या शिक्षकाला सांगावे लागणार नव्हते. त्याच्या हाताला ते ठाऊक असणार होते. दुसऱ्याची बाजू समजून घ्या, असे व्याख्यान देऊन हे साधले नसते. भाऊरावांनी भावी शिक्षकाला दुसऱ्याच्या जागी काही काळ प्रत्यक्ष नेऊन बसविले.

आपल्या शास्त्रकारांनी याला नय असे नाव दिले आहे. वस्तूला अनंत धर्म असतात आणि प्रत्येक नय त्यांतील एक बाजू दाखवितो. आपली बाजू खरी मानून दुसऱ्या बाजूंचा निषेध केला की तो दुर्नय होतो. कापडाच्या व्यवसायातील एक साधे उदाहरण देतो. दुकानातील दिव्याखाली जो रंग दिसतो, तोच बाहेर उन्हात निराळा भासतो. म्हणून जाणते गिऱ्हाईक ताग्याचे टोक धरून दाराशी जाते. दुकानदाराने रागावू नये. उलट त्याच्यासोबत दाराशी जावे आणि आपला माल त्याच्या उजेडात पाहावा. शिक्षकानेही आपला पाठ असाच मुलाच्या उजेडात पाहावयाचा असतो. पाठ आपल्याला स्पष्ट वाटला म्हणून तो मुलाला स्पष्ट झाला, असे होत नाही.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. अनेकांत म्हणजे सर्वांचेच बरोबर, असा सोयीचा अर्थ काही जण लावतात. भाऊरावांनी तो लावला नाही. त्यांनी लठ्ठ्यांविषयी मनात वैर ठेवले नाही, तथापि आंघोळीचा नियम चुकीचा होता, हे मतही सोडले नाही. माणसाची बाजू समजून घेणे निराळे आणि अन्यायाला मान तुकविणे निराळे. दुसऱ्याला माणूस म्हणून उभे राहण्याची जागाच न देणारा विचार हा अनेक नयांपैकी एक नय ठरत नाही. तो दुर्नयच होय. हा विवेक शिक्षकाजवळ नसेल, तर त्याची सहानुभूती केवळ गुळगुळीत बोलणे होऊन राहते.

अशा रीतीने तयार झालेल्या शिक्षकांना काम मिळण्याची वेळही लवकरच आली. 1937 मध्ये मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले आणि खेड्यांत स्वयंसेवी संस्थांनी प्राथमिक शाळा काढाव्यात, यासाठी अनुदानाची योजना पुढे आली. रयत शिक्षण संस्थेने या योजनेखाली व्हॉलंटरी शाळा सुरू केल्या आणि त्यांची संख्या पाचशेच्या वर गेली. डोंगरकपारीतल्या वाड्यावस्त्यांवर, देवळात, चावडीत, कोणाच्या गोठ्याशेजारी या शाळा भरू लागल्या. कालांतराने त्या स्थानिक शाळामंडळांकडे सोपविण्यात आल्या. इमारती नव्हत्या, साधने नव्हती, होता तो केवळ खेड्यात राहावयास तयार असलेला शिक्षक. तो नसता तर पाचशे शाळांचा आकडा कागदावरच राहिला असता.

पुढील इतिहास सर्वांना परिचित आहे. 1940 मध्ये साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नावाने निःशुल्क आणि निवासी हायस्कूल सुरू झाले. 1947 मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले आणि कमवा व शिका या योजनेने गरीब मुलांना महाविद्यालयाचे दार उघडले. गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या स्मरणार्थ 101 हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी सोडला. 1954 मध्ये कराडला सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. माध्यमिक शाळा वाढू लागल्या तशी पुन्हा शिक्षकांची निकड भासली. तेव्हा 1955 मध्ये साताऱ्यास मौलाना आझादांच्या नावाने शिक्षणशास्त्राचे महाविद्यालय स्थापन झाले. या नावांकडे पाहावे. मराठा राजे, माळी समाजातील समाजसुधारक, परीट समाजातील संत, मुसलमान विद्वान अशी ही मालिका आहे. जैन माणसाने उभारलेल्या या संस्थांत स्वतःचे नाव कोठे नाही. संस्थेचे बोधचिन्ह वटवृक्ष आहे, ते उगाच नव्हे.

1959 च्या जानेवारीत भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला. त्याच वर्षी पुणे विद्यापीठाने सन्माननीय डी.लिट. देऊन गौरविले. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या माणसाचा हा गौरव होता. 9 मे 1959 रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. साताऱ्यात त्यांची समाधी आहे.

आज आपल्या समाजात भाऊरावांची जयंती साजरी होते, सभागृहात त्यांची तसबीर लागते, आणि ते आपले होते, असे आपण अभिमानाने सांगतो. हा अभिमान योग्यच आहे. परंतु एके काळी आपल्याच वसतिगृहात त्यांना जागा उरली नव्हती, हेही त्याच श्वासात सांगण्याचे धैर्य आपल्याजवळ असावे. ते सांगितले नाही, तर उद्या आपल्याच दाराशी असा एखादा तरुण उभा राहील, आणि आपण नियमावर बोट ठेवून त्याला परत पाठवू.

रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने एका बादशहाचे नाव घेऊन भाऊरावांनी गरिबांच्या मुलांसाठी शिक्षक घडविणारे विद्यालय उभारले. आपल्या सुवर्णमहोत्सवानेही असे काही मागे ठेवावे, अशी या निमित्ताने नम्र सूचना करावीशी वाटते. पाठशाळेत शिकविणाऱ्या आपल्या शिक्षक-शिक्षिकांनी वर्षातून एकदा तरी प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी जावे. श्रीमंताच्या तसेच भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्याच्याही. ट्रस्टच्या शिष्यवृत्तीत शिक्षक होऊ इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी काही वाटा राखून ठेवावा, आणि त्यासाठी अर्जदाराची जात वा पंथ विचारू नये. यास फार मोठा निधी लागणार नाही. मंदिराचा कळस दुरून दिसतो. पण शिक्षकाच्या मनात बदललेली दृष्टी पुढच्या पन्नास वर्षांतील मुलांच्या आयुष्यात दिसत राहते.

अनेकांत हा शब्द भाऊरावांच्या ओठांवर फारसा नसेल. तो त्यांच्या पंगतीत होता, त्यांच्या शेतात होता, त्यांच्या अध्यापक विद्यालयात होता. आपल्या ट्रस्टच्या पुढील वाटचालीत तो आपल्याही आचरणात उतरो, हीच जिनचरणी प्रार्थना.

जय जिनेंद्र.